तुम्ही मना केलेलं वेल्डिंग

मामा, तुमच्या गॅरेजात मी एक गाडी उघडली, तिच्या पुढच्या दोन चाकांची ताकद कायमची काढून घेतली, आणि जे काम तुम्ही आयुष्यभर कुणाला करू दिलं नाही ते, म्हणजे डिफरन्शियलचं वेल्डिंग, माझ्या हातानं केलं. एक नाही, दोन डिफरन्शियल. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं होत आली, पण हे तुम्हाला सविस्तर सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही. ढोकीचं गॅरेज आता रोज उघडत नाही. मी धाराशिवच्या तंत्रनिकेतनात शिकवते, तुमचे चिरंजीव त्यांच्या कचेरीत असतात, आणि शटर वर जातं ते फक्त रविवारी. तरी सून म्हणून या घरात आल्यावर तुम्ही जी शिस्त लावलीत ती सुटलेली नाही. बिघाड कुठलाही असो, तुमचं एकच वाक्य असे, “इंजनापासून सुरू कर, मंग चाकापर्यंत ये. मधूनच उडी मारू नगंस.” म्हणून हेही मी त्याच क्रमानं सांगते. राग येईल तिथं जरा थांबा, पुढं कारण दिलेलं आहे.

सुरुवात तुमच्या नातीपासून करावी लागेल, कारण या गाडीचं इंजिन तीच आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता तेवीसची आहे, पुण्याला नोकरी करते आणि सुट्टीत गाड्या आडव्या चालवते. हसू नका, तसा खेळच आहे. त्याला ड्रिफ्टिंग म्हणतात. तुम्ही तो नकळत शेकडो वेळा पाहिलेला आहे. पावसानंतर काळ्या मातीच्या रस्त्यावर रिकामी जीप वळणावर आली की तिचा मागचा भाग घसरून बाहेर येतो, आणि जाणता ड्रायव्हर घाबरून ब्रेक न दाबता स्टेअरिंग उलट्या बाजूला फिरवून तिला सावरतो. आपला जीव वाचावा म्हणून तो जे दोन क्षण करतो, तेच ही मुलं मोठ्या पटांगणावर, ठरवून, वळणामागून वळण करतात. गाडीचं तोंड एकीकडे, पुढची चाकं दुसरीकडे आणि गाडी जाते तिसरीकडेच. ज्याची गाडी अधिक आडवी, अधिक वेगानं आणि तरीही ठरलेल्या रेषेवर जाते, तो जिंकतो. यासाठी एक अट आहे. मागच्या चाकांनी फक्त ढकलायचं आणि पुढच्या चाकांनी फक्त वळायचं. पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळत असेल तर ती गाडीला ओढून पुन्हा सरळ करतात आणि खेळ तिथंच संपतो.

आणि आमच्या नशिबी आलेली गाडी नेमकी चारही चाकांनी ओढणारी होती. सोलापूरच्या एका डॉक्टरांच्या अंगणात ती वर्षानुवर्षं चिंचेखाली उभी होती, परदेशी बनावटीची, तिचे सुटे भाग मिळणं बंद झालेलं. “घेऊन जा, झाडाखालची सावली तरी मोकळी होईल,” असं डॉक्टर म्हणाले आणि तुमच्या नातीनं ती आणली. मी तिला विचारलं, मागच्या चाकावर चालणारी एखादी साधी गाडी का नाही घेत? ती म्हणाली, “आई, त्या गाड्या सगळ्यांकडं आहेत. आणि ही उघडायला तू आहेस.” दसऱ्यानंतरच्या रविवारी पुण्याच्या अलीकडे एका मैदानावर स्पर्धा होती आणि तिनं नाव देऊन टाकलेलं होतं. म्हणजे मी शिकवते तसं कागदावरचं हे गणित नव्हतं. मी जे काढीन, कापीन, आवळीन, त्यावर माझी मुलगी पूर्ण वेगात आडवी जाणार होती. गेले तीन महिने पाना हातात घेताना हे एकदाही माझ्या मनातून गेलं नाही.

तुम्हाला ती पुरणाची दुपार आठवते का? लग्नाला चार महिने झालेत. मी पहिल्या वर्गात पास झालेली डिप्लोमाधारक, आणि हे मी कुणाला विसरू देत नाही. आत्या पोळ्या लाटतायत, मी पुरण वाटतेय, आणि तुम्ही हात धुऊन दारात उभे राहून म्हणता, “सूनबाई, डिफ्रन्शल म्हंजे काय, सांग बरं.” मी पुस्तकातली व्याख्या आकृतीच्या क्रमांकासकट म्हणून दाखवते. तुम्ही सगळी ऐकून घेता, मान हलवता, आणि आत्यांच्या हातातलं लाटणं काढून घेता. “अवो, पीठ लागलंय त्याला!” असं त्या ओरडतात. तुम्ही लाटणं पोळपाटावर आडवं ठेवता, मधोमध एक बोट लावून पुढं ढकलता. दोन्ही टोकं सारखी पुढं जातात. मग मिठाची बरणी एका टोकाला आडवी लावून पुन्हा तसंच ढकलता. ते टोक जागच्या जागी राहतं आणि दुसरं गरकन पुढं पळतं. “ताकद मधी लावली का नाय? मंग? ज्याला अडवनारं कुनी न्हाय, त्योच पळतो. ज्याच्यावर वझं हाय, त्यो जागचा हालत न्हाय. एवढंच डिफ्रन्शल. बाकी समदं तुझ्या पुस्तकाचं जाकीट.” आत्या म्हणाल्या, “जाकीट ऱ्हाऊ द्या, लाटणं द्या.” मामा, आज वीस वर्षं मी मुलांना डिफरन्शियल शिकवते आहे. पहिल्या तासाला मी पिशवीतून लाटणं काढते. मुलं हसतात. नंतर परीक्षेत मात्र कुणी चुकत नाही.

त्यानंतरच्या दिवाळीत तुम्ही मला कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलंत. घरात सगळ्यांना वाटलं साडी. निघाला निळा बॉयलर सूट, बाजारातल्या शिंप्याकडून माझ्या मापानं शिवून घेतलेला. माप कुठून मिळवलंत ते आत्यांनी नंतर सांगितलं, माझा एक ड्रेस दोन दिवस शिंप्याकडे होता आणि मी तो दोरीवरून उडाला म्हणून शोधत होते. छातीवर एक अरुंद खिसा जास्तीचा होता. तुम्ही म्हणालात, “ह्यो पेनाचा. तू लिवनारी हायस, लिवनं सोडू नगंस.” साखर कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या खाली झोपून काम करणारी सून लोकांनी पाहिली ती त्या सुटात. चार लोक चार गोष्टी बोलले असतील. तुमच्या तोंडावर कुणाची हिंमत झाली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येते. एक दिवस तुम्ही उस्मानाबादला गेला होतात. दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टरवाला आला. उसाच्या फडात त्याचं एक चाक चिखलात नुसतं गरगर फिरायचं आणि दुसरं ढिम्म उभं राहायचं. असं झालं की दोन्ही चाकं एकत्र बांधणारा जो लॉकचा पॅडल असतो, तो त्याच्या ट्रॅक्टरचा मोडला होता. तो म्हणाला, आतल्या गिअरींचं वेल्डिंगच करून टाका, कायमची कटकट मिटंल. मला ते पटलं. तर्कानं बरोबरच होतं, चाकं एकमेकांना बांधली तर एकटं फिरणारच नाही. मी डिफरन्शियलचं घर उघडलं, वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला, आणि तेवढ्यात तुम्ही एसटीतून उतरून आलात. आधी भिंतीवरचा मेन स्विच पाडलात. मग गिऱ्हाइकासमोर म्हणालात, “चिखलात शानी, सडकंवर येडी! वळनावर भायेरच्या चाकाला जादा जायाचं असतंय. ते कसं जाईल? टायर घासंल, न्हायतर एक्सल तुटंल, आन् मागं दोन ट्रॉल्या ऊस! म्होरनं कुनाचं लेकरू सायकलीवर येत असंल ते?” मी त्या दुपारी जेवले नाही. संध्याकाळी तुम्ही त्या चार लहान गिअरी रॉकेलनं पुसून माझ्यापुढं मांडल्यात आणि हळू आवाजात म्हणालात, “गाडी कुठं चालनार, हे इचारल्याबिगर तिला हात लावू नगं. तोडायचं का जोडायचं, ते मंग ठरतंय.” रागावलेलं वाक्य मी विसरले असते. हे दुसरं मात्र विसरता आलं नाही, आणि ते विसरता आलं नाही म्हणूनच पुढचं काम करण्याचं धैर्य आलं.

तर ही गाडी. तिच्यात एक नव्हे, तीन लाटणी आहेत. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून आधी मधल्या डिफरन्शियलमध्ये येते आणि तिथं तिचे दोन वाटे होतात, एक पुढं, एक मागं. पुढच्या वाट्याचे पुढच्या डिफरन्शियलमध्ये पुन्हा दोन, डाव्या चाकाला आणि उजव्या चाकाला; मागच्याचे तसेच मागे. शिवाय मधल्या लाटण्याला एक चिकट तेलाचा बंद डबा जोडलेला असतो. पुढच्या-मागच्या वेगात फरक पडला की आतलं तेल घट्ट होतं आणि दोन्ही टोकांना एकमेकांबरोबर ओढत नेतं. माझा हिशोब असा होता की पुढच्या चाकांचे दोन्ही शाफ्ट काढून टाकावेत, हा डबा मागच्या चाकांकडे पुरेशी ताकद पोहोचवील, आणि गिअरबॉक्स उघडायची वेळ येणार नाही. कागदावर मी ते दोनदा तपासलं. तुमची नात आणि मी एका रविवारी शाफ्ट काढले, गाडी खाली उतरवली, ती आत बसली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी ओरडली. हलली मात्र नाही. समोरच्या पंक्चरच्या दुकानातले चाचा, ज्यांच्याशी तुमचं रोज सकाळी चहावरून आणि संध्याकाळी राजकारणावरून भांडण व्हायचं, ते आता थकलेत पण जीभ तशीच आहे. रस्ता ओलांडून आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, “काय वैनी, गाडी बनवली का कारखान्याचा भोंगा? नुस्ता वाजतोय, पाळी काय सुटंना!” तुमची नात आतून म्हणाली, “चाचा, धक्का द्या की जरा.” “हौ, देतो की. पुण्यापर्यंत देऊ का?” रस्त्यावरचे दोन ट्रॅक्टरवाले थांबून हसायला लागले. मी गाडीखाली वाकून पाहिलं, तर पुढच्या बाजूला, जिथून शाफ्ट काढले होते तिथली दोन मोकळी टोकं बेफाम फिरत होती आणि मागचा लांब शाफ्ट स्वस्थ होता. ज्याला अडवणारं कुणी नाही, तोच पळत होता. वीस वर्षं जे लाटणं मी वर्गात दाखवते, ते माझ्या डोळ्यांसमोर गॅरेजात फिरत होतं आणि मला ओळखू आलं नव्हतं. तेलाचा डबा चिंचेखालच्या वर्षांत केव्हाच निकामी झाला होता. मी हसायला लागले, इतकी की चाचा बावरून म्हणाले, “पाणी आणा रे वैनीला.”

उपाय एकच उरला, मधलं लाटणं गोठवायचं. त्याच्या आतल्या गिअरी एकमेकींना वेल्डिंगनं कायमच्या बांधल्या की दोन टोकं वेगवेगळी पळूच शकत नाहीत. मोकळं टोक फिरतं तेवढंच मागचं टोक फिरतं, आणि ओझं घेतं. मेन स्विचपाशी गेले तेव्हा, खरं सांगते, मी थोडी थांबले. तुम्ही मला विचारलं असतंत ते सगळं मी स्वतःलाच विचारलं. गाडी कुठं चालणार? सडकेवर कधीच नाही. मैदानापर्यंत ती टेम्पोवर चढून जाणार आणि टेम्पोवरूनच परत येणार. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त जायचं असतं, ते कसं जाणार? पुढची चाकं आता कुठल्याच शाफ्टला बांधलेली नाहीत, ती हवी तशी फिरतील. मधल्या डिफरन्शियलमध्ये भांडायला दुसरा पक्षच उरलेला नाही, म्हणून तिथं काही तुटणार नाही. आणि मागचं? तेही मी बांधायचं ठरवलं, कारण या खेळात मागची दोन्ही चाकं मुळात घसरतच असतात, आणि ती एकसारखी घसरली तरच गाडी एका रेषेत आडवी जाते. ट्रॅक्टरच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात, शंभर टक्के. या गाडीच्या बाबतीत मी बरोबर आहे. दोन्ही एकाच नियमानं बरोबर आहेत, आणि तो नियम तुमचा आहे. मग मी स्विच वर केला. जोड सावकाश घातले, गिअरी आधी तापवून, प्रत्येक थर गार होऊ देऊन, म्हणजे तडा जाऊ नये. गिअरबॉक्स परत बसवायला आम्हाला चार रविवार लागले. पाचव्या रविवारी गाडी शटरमधून बाहेर पडली ती मागच्या चाकांच्या जोरावर, आणि चाचांनी दुकानातून उठून शिट्टी मारली.

गावाबाहेरच्या एका बंद गोदामापुढं काँक्रीटचं आवार आहे. तिथं हळू वेगात तुमच्या नातीनं दोन-चार चकरा मारून पाहिल्या. गाडीचा मागचा भाग आज्ञाधारकपणे बाहेर येत होता. खऱ्या वेगातला सराव दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी करायचा ठरला. मध्ये आली खंडेनवमी. तुम्ही असताना त्या दिवशी गॅरेजात एक नटसुद्धा फिरत नसे, आणि आत्यांनी तो नियम अजून तसाच ठेवला आहे. पाने, पक्कड, हातोडे, जॅक, सगळं रॉकेलनं धुऊन पुसून धुतल्या कापडावर मांडलेलं, वर हळदकुंकू, झेंडू. गाडीच्या बॉनेटलाही माळ. तुमच्या नातीला चैन पडेना. “आज्जी, फक्त एक क्लच ॲडजस्ट करते. पाच मिनिटं.” आत्या पाटावरून उठल्याही नाहीत. “हात लावू नगंस हत्याराला. वरीसभर राबत्यात ती, आज निजू दे त्येंला. तुझ्या आजानं मंत्र्याची जीप भायेर उभी ठिवली हुती ह्या दिवशी.” “खरंच मंत्र्याची?” “मंत्र्याच्या मेहुन्याची.”

काम करता येईना म्हणून मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि तिला म्हटलं, काढ गाडी. इंजिनापासून सुरू कर, चाकापर्यंत ये. ताकद कुठून कुठं जाते ते बोलत बोलत काढ. तिनं सुरेख काढलं. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, मधलं गोठवलेलं लाटणं, मागचा लांब शाफ्ट, मागची चाकं. मग ती पुढच्या चाकाशी आली आणि म्हणाली, “इथं काही नाही. शाफ्ट काढला. चाक मोकळं.” मी विचारलं, “शाफ्ट चाकाला फिरवायचा. आणखी काय करायचा?” ती म्हणाली, “आणखी काही नाही.” पेन्सिल तशीच चाकाच्या मध्यावर टेकलेली होती. ती त्या जागेभोवती उगाच गोल काढत राहिली, बेअरिंगचा गोल. मग तिचा हात थांबला. “आई, हे बेअरिंग दोन भागांचं आहे ना? दोन्ही भाग एकमेकांवर आवळून कोण धरतं?” उत्तरही तिनंच दिलं. “शाफ्टच्या टोकाचा नट धरतो. शाफ्टच काढलाय आपण, नटही काढलाय. मग आत्ता कुणी धरलंय?” तिनं वर पाहिलं. मी म्हटलं, “शाब्बास.” तिनं पेन्सिल खाली ठेवली. “तुला माहीत होतं? तू मुद्दाम ठेवलं होतंस?” मी फक्त हसले. आत्या पूजेच्या ताटातला नारळ सरळ करत होत्या.

हा दोष किती मोठा होता ते तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, पण सांगितल्यावाचून मला राहवतही नाही. हळू चालताना असं चाक काही बोलत नाही. गोदामापुढं ते गप्पच राहिलं होतं. गाडी पूर्ण वेगात आडवी गेली की पुढच्या चाकांवर बाजूनं जबरदस्त दाब येतो, आणि तो दाब घ्यायला असतं फक्त हे बेअरिंग. आवळून धरणारं कुणी नसेल तर त्याचे दोन भाग सुटत जातात, चाक आधी डगमगतं, आणि मग कुठल्या वळणावर काय होईल ते सांगता येत नाही. दसऱ्याला पूजा उतरवून आत्यांनी पाने परत हातात दिले आणि पहिलं काम आम्ही तेच केलं. काढून टाकलेले शाफ्ट भंगाराच्या ढिगातून शोधले, त्यांचा बाहेरचा सांधा तेवढा कापून घेतला, ते आखूड तुकडे चाकांच्या मध्यात पुन्हा बसवले आणि नवे नट आवळले. हे तुकडे आता काहीच फिरवत नाहीत. त्यांचं काम फक्त धरून ठेवायचं. पुढचं चाक वर-खाली धरून मी हलवून पाहिलं, मग तिनं, मग चाचांनी. “हलत नै,” चाचा म्हणाले. “आता हिच्यात माझी म्हातारी पण बसवतो.”

स्पर्धेच्या दिवशी तपासणीच्या माणसानंही तेच केलं. चारही चाकं धरून हलवली, खाली वाकून बॅटरीच्या उजेडात वेल्डिंगचे जोड पाहिले, आणि विचारलं, “हे कोणत्या वर्कशॉपचं काम?” मी ढोकी म्हटलं. त्यानं ते गाव ऐकलेलं नव्हतं. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं, अक्षरं विचारून. मग तुमची नात रांगेत गेली. मामा, मी ते कसं सांगू? पहिल्या वळणाआधी ती वेगात येते, गाडीचा मागचा भाग सुटतो, आणि पुढची चाकं शांतपणे उलट्या दिशेला वळतात, जणू त्यांना आधीच ठाऊक होतं. गाडी अंगानं सरकत धुरातून बाहेर येते, दुसऱ्या वळणाला दुसऱ्या बाजूला कलते, आणि तिसऱ्याला पुन्हा परत. मी वळणं पाहतच नव्हते. मी पुढचं डावं चाक पाहत होते, आणि ते सरळ, स्थिर, आपल्या जागी फिरत होतं. आमच्याबरोबर आलेले चाचा ओरडले, “वैनी, पोरगी खेकडा झाली की ओ!” पहिल्या आठांत ती आली नाही. तिच्याहून सरावलेली मुलं होती आणि तिनं तिसऱ्या फेरीत एक वळण लवकर सोडलं. पण महागड्या वर्कशॉपमधून आलेल्या दोन गाड्या मधेच बंद पडल्या. आपली गाडी सगळ्या फेऱ्या करून, स्वतःच्या चाकांवर टेम्पोपर्यंत आली. इतका आनंद मला माझ्या पदव्यांनीही दिला नव्हता.

शेवटी माइकवरचा मुलगा एकेकाला बोलावत होता. तुमच्या नातीला त्यानं विचारलं, गाडी कुणी बनवली? ती म्हणाली, “माझ्या आईनं. आमच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये. आणि तिनं एक चूक मुद्दाम ठेवली होती, मी शोधते का बघायला. अशी शिकवते माझी आई.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. टाळ्यांत मीही टाळ्या वाजवल्या.

मामा, मला माहीत नव्हतं. त्या कॅलेंडरच्या पानावर तो प्रश्न मी सहज विचारला होता, दिवस जावा म्हणून. शाफ्ट आणखी काय करतो याचं उत्तर माझ्याकडं त्या क्षणी नव्हतंच. तिचा हात थांबला तेव्हा मला कळलं, तिच्याबरोबरच. “शाब्बास” म्हणाले ते आवाज स्थिर राहावा म्हणून. आता त्या मैदानावरची पोरं मला फोन करून विचारतात, मॅडम, तुम्ही अशी चूक कशी ठेवता, आम्हालाही शिकवा. तिला खरं सांगायचं मी तीनदा ठरवलं आणि तीनदा दुसऱ्याच विषयावर बोलले. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, पण घरातही ठेवणार नाही. कॉलेजातल्या माझ्या कपाटात ठेवीन, कुलपात. घरी राहिलं तर ती वाचेल, आणि माझी अजून तेवढी तयारी झालेली नाही.